पिशवीचा तळ

(इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा सांगली येथे महिला बचत गटांच्या प्रतिनिधी, प्राथमिक शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा पाठ आहे. या शहरास ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला.)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. कापडी पिशवीच्या तळाशी ताठपणासाठी काय घालावे, हा भाषणाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु या लहानशा प्रश्नाशी दोन मोठ्या गोष्टी निगडित आहेत. पहिली म्हणजे प्लास्टिक बंदीचे यश, आणि दुसरी म्हणजे शिवणयंत्रावर बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनींची बाजारातील पत. म्हणून आपण थोडा वेळ या तळाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम पार्श्वभूमी सांगतो. महाराष्ट्र शासनाने नष्ट न होणाऱ्या घनकचऱ्याच्या नियंत्रणासाठी २००६ मध्ये अधिनियम केला. त्याच अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढण्यात आली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या ठराविक वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकच्या पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असली पाहिजे, असा केंद्राचा नियम लागू झाला. या सर्व काळात कापडी पिशवीचा पुरस्कार झाला. बचत गटांना प्रशिक्षण मिळाले, शिवणयंत्रे मिळाली, पिशव्या तयार झाल्या. त्या किती तयार झाल्या याचा हिशेब आपण ठेवतो. किती दिवस टिकल्या, याचा हिशेब मात्र फारसा कोणी ठेवत नाही.

आता एक आकडा आपल्यासमोर ठेवतो. इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये पिशव्यांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकविणे, सूत काढणे, कापड विणणे, वाहतूक करणे या सर्वांचा हवामानावर होणारा परिणाम त्यात मोजला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करण्यासाठी कापसाची नवी पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. तो हिशेब इंग्लंडमधील परिस्थितीचा आहे आणि त्यात केवळ हवामानाचा विचार आहे. गटारे तुंबणे, जनावरांच्या पोटात प्लास्टिक जाणे, या गोष्टी त्यात नाहीत. तरीही त्यातील बोध आपल्याला लागू पडतो. आठवड्याच्या बाजाराला एकदा पिशवी नेली, तर १३१ खेपा होण्यास अडीच वर्षे लागतात. अडीच वर्षांत निदान दोन पावसाळे येतात. म्हणजे दोन पावसाळे आणि शंभरावर बाजार जी पिशवी पाहील, तीच खऱ्या अर्थाने प्लास्टिकला पर्याय ठरेल. पाचव्या बाजाराला जिचा तळ लोंबला आणि जी खुंटीवर अडकून पडली, ती पर्याय नव्हे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका शासकीय कार्यशाळेसाठी कापडी पिशव्या घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका गावातील बचत गटाने त्या शिवून दिल्या. कापड उत्तम, शिवण सुबक, वरची छपाई देखणी. तळाशी ताठपणा यावा म्हणून त्या भगिनींनी पुठ्ठ्याचा तुकडा दोन कापडांत घालून चारी बाजूंनी शिवून टाकला होता. पिशवी टेबलावर उभी राहत असे, आणि सर्वांनी तिची प्रशंसा केली. त्यात मीही होतो.

कार्यशाळा जुलैत होती. दुसऱ्या दिवशी पावसात पिशव्या भिजल्या. पुठ्ठ्याचे थर सुटले, त्याचा लगदा झाला आणि कापडावर तपकिरी डाग उमटले. तो पुठ्ठा काढावा, तर शिवण उसवल्याशिवाय निघत नव्हता. पिशवी धुवावी, तर लगदा आणखी पसरत होता. निवासस्थानाच्या खोल्यांतून अनेक पिशव्या तशाच टाकून दिलेल्या मला दिसल्या. पुढील कार्यक्रमाचे काम त्या गटाला मिळाले नाही. ते एका व्यापाऱ्याकडे गेले.

दोष त्या भगिनींच्या माथी मारला गेला. वास्तविक तो मागणी करणाऱ्यांचा, म्हणजे आमचा होता. मागणीपत्रात कापडाचा प्रकार होता, लांबीरुंदी होती, छपाईचा मजकूर होता, दर होता. तळाविषयी एक शब्दही नव्हता. ज्याच्याविषयी आम्ही विचारले नाही आणि ज्याचे पैसेही दिले नाहीत, ते त्यांनी हाताशी असलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून भागविले. तेव्हापासून कोणतीही पिशवी हातात आली की मी ती प्रथम उलटी करून पाहतो.

तळ ताठ का असावा?

पिशवीत जिन्नस भरले की सर्व भार मध्यभागी गोळा होतो. कापड तेथे खाली लोंबते, भाजी चेपते, वह्यांचे कोपरे मुडपतात, आणि तळाच्या शिवणीवर एकाच जागी ताण येऊन दोरा तुटतो. तळ ताठ असला की भार सर्व क्षेत्रावर पसरतो. मात्र ताठ तळ भार पसरवितो, उचलून धरीत नाही. भार उचलतात ते बंद. म्हणून पिशवीचे बंद केवळ तोंडाशी टाचून न ठेवता तळाखालून फिरवून घ्यावेत. तसे केल्यास तळ बंदांच्या झोळीत बसतो आणि शिवणीवरील ताण कमी होतो. कापड थोडे अधिक लागते, पण पिशवीचे आयुष्य वाढते.

ताठपणाचा एक नियम शिक्षक बंधुभगिनींनी अवश्य लक्षात घ्यावा. पट्टीची जाडी दुप्पट झाली, की तिचा ताठपणा दुप्पट होत नाही. तो आठपट होतो. परंतु दोन पातळ पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या, तर ताठपणा दुप्पटच होतो, कारण वाकताना त्या एकमेकींवरून सरकतात. त्याच पट्ट्या खळीने पक्क्या चिकटविल्या, तर त्या एकजीव होऊन जवळजवळ आठपट ताठ होतात. जुन्या वहीची दोन पुठ्ठ्यांची वेष्टने, दोन विटा आणि काही नाणी एवढ्या साहित्यावर हा प्रयोग वर्गात करून दाखविता येईल. प्रथम वेष्टने नुसती एकावर एक ठेवून विटांवर पुलासारखी टाकावीत आणि किती नाण्यांनी ती वाकतात ते पाहावे. मग ती चिकटवून, वाळवून तोच प्रयोग पुन्हा करावा. कार्यानुभवाच्या तासाला पिशवी आणि विज्ञानाच्या तासाला तिचा तळ, असा मेळ सहज बसेल.

हाताशी असलेली साधने

आता साधनांकडे वळू. ताठपणा बाजारातून विकत आणण्यापूर्वी आपल्या परिसरात काय आहे, ते पाहणे अगत्याचे आहे.

पहिले साधन म्हणजे पुठ्ठा. तो स्वस्त आहे, सर्वत्र मिळतो, कात्रीने कापता येतो. दप्तरी कागद, पुस्तके, साड्या अशा कोरड्या वापराच्या पिशवीसाठी तो पुरेसा आहे. मात्र तो तळात कायमचा शिवून टाकू नये. खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरल्यास त्याच्या नाल्या तळाच्या लांबीच्या दिशेने याव्यात. आडव्या आल्या तर पुठ्ठा नालीच्या रेषेवर मोडतो. दोन थर घ्यावयाचे झाल्यास एकाच्या नाल्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवून ते चिकटवावेत.

दुसरे साधन आपल्या घराघरांत आहे. ते म्हणजे वाकळ. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर घालून त्यांवर धावदोरा घालण्याची कला आपल्या आयाआज्यांना कोणी प्रशिक्षण वर्गात शिकविली नव्हती. त्याच पद्धतीने जुन्या सुती कापडाचे आठ-दहा थर घेऊन बोटाबोटाच्या अंतरावर उभ्याआडव्या यंत्रशिवणी घातल्या, तर थर सरकत नाहीत आणि तळाला चांगला भरीवपणा येतो. तो पुठ्ठ्याइतका ताठ होत नाही, पण पाण्याला भीत नाही. पिशवीबरोबर धुता येतो, वाळविता येतो. बाजारच्या पिशवीला हा तळ सर्वांत योग्य असे माझे मत आहे. शिवाय जुन्या कापडासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. १३१ खेपांचा जो हिशेब मी मघाशी सांगितला, त्यातील ओझे अशा जुन्या कापडाने हलके होते. विटा आणि इचलकरंजी ही यंत्रमागांची गावे आपल्यापासून दूर नाहीत. तेथील कापडाचे तुकडे आणि गावोगावच्या शिंप्यांकडील कात्रणे यांचाही असा उपयोग होऊ शकेल.

तिसरे साधन चिंचोक्याची खळ. आपल्या भागातील जुन्या विणकरांच्या हातची घोंगडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा कडकपणा ठाऊक असेल. तो केवळ लोकरीचा नसतो. विणल्यानंतर घोंगडीला चिंचोक्याची खळ दिली जाते, तिचा तो गुण आहे. चिंचोके भाजून, वरचे तपकिरी टरफल काढून, दळून, रात्रभर भिजवून, सतत ढवळत शिजविले की ही खळ तयार होते. जुन्या सुती कापडाचे थर या खळीने एकमेकांस चिकटवून, सपाट फळीखाली वजन ठेवून वाळविले, तर उत्तम कापडी पुठ्ठा तयार होतो. मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. खळ पाण्याने सैल पडते, म्हणून हा तळ काढता येणारा असावा. आणि खळीला कीड लागते. पुस्तकबांधणी करणारे त्यासाठी खळीत मोरचूद घालतात, परंतु मोरचूद विषारी आहे. भाजी, धान्य, मुलांचा डबा ज्या पिशवीत जाणार, तिच्या तळात ते कदापि वापरू नये. त्यापेक्षा तळ अधूनमधून उन्हात घालावा आणि खराब झाल्यास बदलावा.

चौथे साधन बांबू. आपल्या बुरूड कारागिरांच्या हाती सुपे आणि टोपल्या विणण्याचे पिढीजात कौशल्य आहे. बारीक कामट्यांची, तळाच्या मापाची लहान चटई त्यांच्याकडून विणून घेतली, तर ती हलकी, ताठ आणि पाण्यात न विरघळणारी असते. यातून बचत गट आणि बुरूड कारागीर अशा दोन घरांत पैसा जाईल. बांबूतील पिष्टामुळे त्यास कीड लागून पिवळट भुकटी गळते. म्हणून विणण्यापूर्वी तो काही आठवडे पाण्यात भिजत ठेवून वाळविण्याची जुनी पद्धत सोडू नये. कामट्यांची टोके कापडात घुसतात, यासाठी चटईच्या चारी काठांना कापडी गोट लावावा.

पाचवे साधन बारदान. केंद्राच्या १९८७ च्या कायद्याखाली अन्नधान्य आणि काही प्रमाणात साखर तागाच्या पोत्यांत भरण्याचे बंधन घातले गेले आहे. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात गोणपाट ही अनोळखी वस्तू नव्हे. वापरलेले बारदान धुऊन, झटकून, दुहेरी तिहेरी घालून शिवले तर जाडजूड तळ होतो. ताग मात्र दीर्घकाळ ओला राहिला तर कुजतो. त्यापेक्षा काथ्या अधिक काळ टिकतो. कोकणातून येणाऱ्या काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडाही तळाचे काम करू शकतो.

आता ज्याचा मोह सर्वांना होतो, त्या साधनाविषयी बोलतो. जुने फ्लेक्स फलक फुकट मिळतात, ते भिजत नाहीत, म्हणून ते तळात घालावेत असे अनेकजण सुचवितात. फ्लेक्स हे प्लास्टिकच आहे. ते जाळल्यास विषारी धूर होतो. शिवाय ते ताठही नसते. ‘प्लास्टिकमुक्त’ असे वर छापून आत फ्लेक्स शिवणे हा ग्राहकाशी अप्रामाणिकपणा आहे. हीच गोष्ट कापडासारख्या दिसणाऱ्या, न विणलेल्या रंगीत पिशव्यांची. त्यांतील बहुतेक प्लास्टिकच्या धाग्यांपासून बनतात. एक लहान तुकडा जाळून पाहिला तर सूत जळून राख होते आणि प्लास्टिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मात्र एखाद्या घरी जाड प्लास्टिकचा जुना तुकडा पडून असेल आणि तो काढता येण्याजोग्या तळात वर्षानुवर्षे वापरला जाणार असेल, तर त्याला मी नाव ठेवणार नाही. विकताना मात्र ते स्पष्ट सांगावे.

तळ बसविण्याची रीत

साधन कोणतेही असो, ते बसविण्याची रीत चुकली तर श्रम वाया जातात. मांजरपाट किंवा अन्य कोरे सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. मग मापाचा तळ पुन्हा आत बसत नाही. पिशवीला रुंद तळ काढण्यासाठी ती उलटी करावी, तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी ओढावेत आणि आडवी शिवण मारावी. शिवून तयार झालेली पिशवी १६ इंच रुंद असेल आणि प्रत्येक कोपऱ्यावरील आडवी शिवण ४ इंचांची असेल, तर तळ १२ इंच लांब व ४ इंच रुंद मिळतो. पिशवीची उंची २ इंचांनी कमी होते, हे कापड बेतताना ध्यानात ठेवावे. तळाचा ताठ तुकडा लांबीरुंदीत पाव पाव इंच कमी कापावा आणि त्याचे चारी कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा हा कापडाचा पहिला शत्रू होय.

या तुकड्यासाठी उशीच्या अभ्र्याप्रमाणे, एका बाजूने उघडी अशी कापडी खोळ शिवावी आणि तिची एक लांब कड पिशवीच्या आत तळाशी शिवून टाकावी. अशी खोळ हरवत नाही. पिशवी धुताना तुकडा काढून ठेवता येतो, आणि तो खराब झाला तर दुसरा घालता येतो. पुठ्ठा गेला तर पुठ्ठा जाईल, पिशवी राहील.

तीन कसोट्या

गटाने माल विकण्यापूर्वी आणि ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा कार्यालयाने तो घेण्यापूर्वी नमुन्याच्या एका पिशवीवर तीन कसोट्या घ्याव्यात. तिच्यात ५ किलो धान्य किंवा वाळू भरून ती रात्रभर टांगून ठेवावी. सकाळी तळ लोंबला आहे काय, शिवण ताणली आहे काय, ते पाहावे. मग पिशवी बादलीत भिजवून, पिळून वाळवावी. तळ काढता येण्याजोगा असेल तर तो काढून, शिवलेला असेल तर त्यासह. शेवटी ती रिकामी करून घडी घालून पाहावी, कारण जी पिशवी घडी होऊन खिशात किंवा सायकलच्या कॅरिअरला बसत नाही, ती माणूस घरी विसरतो. या कसोट्यांना ना प्रयोगशाळा लागते, ना शुल्क.

खरेदी करणाऱ्या अधिकारीवर्गास आणि सरपंच मंडळींस माझी एक विशेष विनंती आहे. मागणीपत्रात तळासाठी स्वतंत्र ओळ लिहा. तळ कशाचा असावा, तो काढता यावा की नाही, किती भार पेलावा, हे नमूद करा, आणि त्या कामाचा मोबदला दरात धरा. चांगल्या तळासाठी एका भगिनीचा अधिक वेळ जातो. तो वेळ फुकट मागून वर टिकाऊपणाची अपेक्षा करणे न्याय्य नाही. सर्वांत कमी दराची पिशवी घेऊन ती वर्षात तीनदा घ्यावी लागली, तर त्यात शासनाची बचत कोणती?

बचत गटांच्या भगिनींनाही एक सांगतो. पिशवीबरोबर दोन ओळींची चिठ्ठी द्या : तळ असा काढावा, पिशवी अशी धुवावी, तळ खराब झाल्यास आमच्याकडे बदलून मिळेल. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात हजारो पिशव्या मांडलेल्या असतात. त्यांत वरची नक्षी पाहून ग्राहक एकदा पिशवी घेतो, तळ टिकला तर तो पुन्हा येतो, आणि गटाचे घर त्या पुन्हा येण्यावर चालते.

या वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकशी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या घराण्याचे नाते होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी श्रम आणि शिक्षण यांची जी सांगड घातली, ती आपणांस नवी नाही. आपल्या शाळांतील मुलांनी या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला स्वतःच्या घरातील जुन्या कापडाची एक पिशवी शिवावी, तिचा तळ स्वतः निवडावा, आणि ती किती बाजार पाहते याची नोंद वहीत ठेवावी. प्रत्येक खेपेस एक रेघ. १३१ वी रेघ ज्या मुलाच्या वहीत उमटेल, त्याला प्लास्टिक बंदीविषयी भाषण देण्याची गरज उरणार नाही.

माझ्यासारख्यांनी तोवर एवढेच करावे, की पिशवी हाती आली म्हणजे ती उलटी करून पाहावी.